सतरानं भागून बघा

पेपर मी काढला होता, हे आधीच सांगून टाकतो. त्या वेळी हे चार शब्द तोंडातून बाहेर पडायला मला साडेतीन दिवस लागले. तेवढ्या वेळात एका बाईनं सगळ्या सभागृहाचा रोष स्वतःवर ओढवून घेतला.

आमच्या उत्तरेकडच्या एकवीस शाळांचा एक संघ आहे. दर वर्षी संघ दुसऱ्या फॉर्मच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाच्या, मुलांची परीक्षा घेतो आणि वरच्या चाळीस मुलांना डोंगरावरच्या शाळेत राहून-जेवून शिकायला मिळतं. तिथं जाणं म्हणजे काय, हे रुम्फीपासून पार सरोवरकाठच्या कारोंगापर्यंत कुठल्याही घरात विचारा. एकेका गुणासाठी आईबाप चर्चमध्ये प्रार्थना सांगतात. पेपर कोण काढतो हे संघाच्या अध्यक्षांशिवाय कुणाला माहीत नसतं. नाव बंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. कुणालाही सांगणार नाही, बायकोलाही नाही, अशी सही घेतात. अकरा वर्षं अर्ज केल्यावर मला त्या वर्षी गणिताचं बोलावणं आलं. मी बायकोला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, याचंच जरा वाईट वाटलं.

नववा प्रश्न माझा लाडका होता. ‘९,९९,९९१ या संख्येचे मूळ अवयव पाडा. गुण सहा.’ दिसायला भयंकर, पण आत एक युक्ती होती. ही संख्या म्हणजे दहा लाखांत नऊ कमी. दहा लाख हा हजाराचा वर्ग आणि नऊ हा तीनचा. दोन वर्गांची वजाबाकी मुलांना शिकवलेली असते, म्हणजे ज्याला हे दिसलं त्याचं काम दोन ओळींत झालं: हजार वजा तीन आणि हजार अधिक तीन, ९९७ गुणिले १००३. कॅल्क्युलेटरला बंदी होती. ज्याचं डोकं चालतं त्याला सहा गुण, बाकीचे बसले आकडेमोड करत. मला हा प्रश्न सुचला तेव्हा मी घरात एकटाच हसलो होतो.

९९७ मूळ संख्या आहे हे मी नीट तपासलं. एकतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं. मग १००३. तीननं जात नाही, अंकांची बेरीज चार. आणि १००१ म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा, हे गणिताच्या प्रत्येक मास्तराला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. १००३ त्याच्यापुढे दोननं, म्हणजे सात, अकरा, तेरा तिघंही एका फटक्यात बाद. इतकं सुबक बाद झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. पुढचा सतरा होता. सतराचा पाढा मला येतो. मी तो म्हटला नाही, एवढंच.

नमुना उत्तरं मी हातानं, छापील वळणाच्या मोठ्या अक्षरांत लिहून दिली. संघाच्या टंकलेखकाला गणिताची चिन्हं जमत नसत, त्यामुळे त्या कागदांच्या तशाच झेरॉक्स काढून परीक्षकांना वाटत.

पेपर तपासायला आम्ही सत्तरेक शिक्षक म्झुझू शहरातल्या एका मुलींच्या शाळेत जमलो. ऑगस्टची सुट्टी होती, आमच्याकडचा हिवाळा. म्झुझूत त्या दिवसांत इतका गारठा असतो की निम्मे लोक कोटावर घोंगडी घेऊन बसले होते. तपासणीला मीसुद्धा होतो. नाही आलो असतो तर लोकांना संशय आला असता. सोमवारी मुख्य नियामक लुहांगा सरांनी नमुना उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली. शंका असल्यास आत्ताच विचारा, म्हणाले. कुणी विचारली नाही. सगळ्यांनी सह्या केल्या आणि एकेका टेबलाला एकेक प्रश्न वाटून दिला. आमच्या टेबलाला नेमका नववा आला. मला त्यात देवाचा हात वगैरे वाटला नाही. उलट बरं वाटलं. आपल्या युक्तीवर मुलं कशी धडपडतात ते बघायला मिळणार होतं.

टेबलावर आम्ही सहा जण होतो. माझ्या समोर न्याकायांगे बाई बसल्या होत्या. आमच्याकडे बाईला तिच्या बापाच्या कुळावरून हाक मारतात. त्या कायांगेंची लेक म्हणून न्याकायांगे, आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्या न्याकायांगेच. कारोंगाच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवत. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, थर्मासमध्ये स्वतःचा चहा. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होतो. सोमवारी दिवसभर आम्ही बोललो ते फक्त खिडकी लावावी की नाही याबद्दल.

मंगळवारी सकाळी त्यांनी एक उत्तरपत्रिका उचलली आणि खाली ठेवलीच नाही. बराच वेळ बघत राहिल्या. मग टेबलावर माझ्याकडे सरकवली. बैठक क्रमांक ०४१८. मुलाला, की मुलीला, युक्ती दिसलेलीच नव्हती. पोरानं सरळ भागायला घेतलं होतं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. पानभर बारीक अक्षरात भागाकार, शेजारी उरलेली बाकी. सतराला बाकी शून्य. भागाकार ५८,८२३. मग तो पुन्हा भागायला घेतला. सतरा, एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकतीस… दुसरं पान भरलं. एकोणसाठला पुन्हा बाकी शून्य, उरले ९९७. आणि शेवटी एक ओळ: ‘एकोणसाठपर्यंतच्या सगळ्यांनी आधीच भागून झालं आहे, म्हणून ९९७ मूळ आहे. उत्तर १७ × ५९ × ९९७.’

“ही शेवटची ओळ बघा,” न्याकायांगे बाई म्हणाल्या. “हे कुणी शिकवलेलं नसतं. हे त्याचं त्याला कळलंय. आणि आपल्या कागदाप्रमाणे याला शून्य.”

ते खरं होतं. माझ्या नमुना उत्तरात दोन गुण वर्गांची वजाबाकी ओळखल्याबद्दल, दोन अवयव मांडल्याबद्दल आणि दोन ‘९९७ × १००३’ या उत्तराबद्दल. ०४१८ कडे यातलं काहीच नव्हतं. मी म्हटलं, युक्ती दिसली नाही, काय करणार. त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, युक्ती जाऊ द्या, उत्तर बघा. एक हजार तीनला सतरानं भागून बघा.

मी टेबलाखाली, तळहातावर, पेनानं भागून पाहिलं. सतरा पंचे पंच्याऐंशी, शंभरातून गेले पंधरा, पुढचा तीन घेऊन एकशे त्रेपन्न, सतरा नव्वे एकशे त्रेपन्न. बाकी शून्य.

खरं सांगायचं तर लाज नंतर वाटली. पहिल्यांदा मला त्या बाईचा राग आला. एकवीस शाळांचे मास्तर सोमवारी गुपचूप सह्या करून मोकळे झाले, हिलाच काय एवढं पडलं होतं? मी तळहात पँटला पुसला आणि म्हणालो, “कागदावर जे आहे त्याप्रमाणे तपासायचं असतं, बाई. आपण काय करणार?”

त्या उठून लुहांगा सरांकडे गेल्या.

लुहांगा सरांबद्दल थोडं सांगायला हवं. रुम्फीला ते माझे मुख्याध्यापक होते, नऊ वर्षं. निवृत्तीला आले होते. आवाज कधी चढत नसे. शर्टाच्या खिशात कायम एक छोटा कॅल्क्युलेटर असायचा. त्यांनी बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सांगितलं की नमुना उत्तरं तज्ज्ञांनी तपासून मंजूर केलेली आहेत. बाई म्हणाल्या, तज्ज्ञांनी सतरानं भागलेलं नाही. सर म्हणाले, तज्ज्ञांनी काय केलं काय नाही ते आपल्याला इथं बसून कसं कळणार.

“सर, खिशात यंत्र आहे तुमच्या,” न्याकायांगे बाई म्हणाल्या. “चार बटणं दाबायची आहेत.”

“हे यंत्र गुणांची बेरीज करायला दिलंय, मॅडम.”

शेवटी त्यांनी बाईंना शंकापत्रक भरायला सांगितलं. बाईंनी भरलं. बुधवारी सकाळी ते परत आलं, त्यावर शेरा: ‘नमुना उत्तराप्रमाणे तपासावे.’ बाईंनी दुसरं पत्रक भरलं. त्यात दोन मुद्दे घातले: एक, १००३ मूळ नाही; दोन, पूर्ण अवयव पाडणाऱ्या मुलांचे गुण जातायत आणि अर्धवट सोडणाऱ्यांना पूर्ण मिळतायत. दुपारी तेही परत आलं. एका पत्रकात एकच शंका लिहावी, असा नियम होता. तेव्हा त्यांनी दोन वेगळी पत्रकं भरली. त्यातलं पहिलं आधीच निकालात निघालेलं म्हणून परत आलं आणि दुसरं पहिल्यावर अवलंबून आहे म्हणून परत आलं.

हे सगळं मी समोर बसून बघत होतो आणि लाल शाईनं तपासत होतो. आता मला ती उत्तरं नेमकी दिसायला लागली. युक्ती ओळखून, वर पुढे जाऊन १००३ फोडणारी मुलं होती. फार नव्हती, पण होती. त्यांच्या शेवटच्या ओळीवर मी फुली मारत होतो आणि सहापैकी चार लिहीत होतो. पहिल्या फुलीला हात अडखळला. दहाव्या फुलीला अडखळला नाही, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. मधूनमधून मी स्वतःला समजावत होतो की दोन गुणांनी कुणाचं आयुष्य अडत नाही. पण या परीक्षेत अडतं. तेवढ्यासाठीच तर ती घेतात.

गुरुवारी न्याकायांगे बाईंनी पेन बंद केलं. नवव्या प्रश्नाला गुण देणार नाही, म्हणाल्या, जोवर कुणीतरी एक हजार तीनला सतरानं भागत नाही तोवर. त्यांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. पुढच्या टेबलांकडे जाणारे पेपर अडले. चहाला बोलावताना आमचं टेबल शेवटी, कारण काम मागे. तोवर मंडासी, तळलेले गोड गोळे, संपलेली असायची आणि किटलीत नुसतं कोमट पाणी. टेबलावरचे बाकीचे चिडले. एक मास्तर म्हणाला, कारोंगाकडची माणसं अशीच, सरोवरावरचा वारा डोक्यात जातो. दुसरा म्हणाला, बाई, शनिवारी आमच्या घरी लग्न आहे. बाईंनी थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि त्याला विचारलं की तुम्ही भागून पाहिलंत का. त्यानं पाहिलं नव्हतं. खरोखर, साऱ्या टेबलावर कुणीच पाहिलं नव्हतं. जिथं सत्तर गणिताचे मास्तर बसले होते तिथं एक भागाकार करायला कुणी तयार नव्हतं. मीच काय तो केला होता, आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

लुहांगा सरांनी बाईंचा गठ्ठा उचलून निम्मा माझ्यापुढे आणून ठेवला. “मुंथाली, तू एवढा घे,” म्हणाले. त्या वेळी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं त्यांनी. मला वाटलं, थकलेत.

त्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ०४१८ होता. बाईंनी तो मुद्दाम वर ठेवला असणार. मी तो काढून तळाशी सरकवला.

शुक्रवारी काम संपायचं होतं. सकाळी संघाचे सचिव रेव्हरंड चावुला आले. कुणीतरी त्यांना कळवलं होतं की एक बाई काम करत नाही. रेव्हरंड वयस्कर, जुन्या मिशन शाळेत शिकलेले. त्यांना गणितातलं फारसं कळत नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी सगळ्यांसमोर बाईंना प्रेमानं विचारलं, लेकी, काय अडचण आहे. बाईंनी रेव्हरंडांच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर १००३ लिहिलं, भागाकाराची खूण काढली, अलीकडे १७ लिहिलं आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

रेव्हरंड बाकावर बसले आणि भागायला लागले. ओठ हलवत, हातचा मोजत, मिशनच्या शाळेत शिकवतात तसं, एकही पायरी न गाळता. सगळं सभागृह थांबून बघत होतं. मग त्यांनी खाली रेघ ओढली आणि शून्य लिहिलं.

“काही उरत नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. आता बदलतील आणि माझं नाव न येता सगळं मिटेल. पण लुहांगा सर पुढे आले आणि शांतपणे म्हणाले की भाग जातो की नाही हा प्रश्नच नाही. सह्या झाल्यानंतर नमुना उत्तर बदलायचं तर पेपर काढणाऱ्याचीच लेखी संमती लागते, हा संघाचा नियम आहे. काढणाऱ्याचं नाव पाकिटात आहे, पाकीट तिजोरीत, तिजोरीची किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष पार दक्षिणेला, ब्लांटायरला, मुलीच्या बाळंतपणासाठी. फोन केला होता, लागत नाही. आता तो काढणारा राजधानीत, लिलाँग्वेत आहे की आणखी कुठं, कुणी सांगावं.

“तो गणित शिकवणारा माणूस आहे ना?” न्याकायांगे बाई म्हणाल्या. “त्याला एव्हाना कळलं असेल. कुठं का असेना. आणि कळून गप्प बसला असेल तर त्याच्या वर्गातल्या पोरांची मला कीव येते.”

माझ्या वर्गात पंचावन्न पोरं होती.

जेवणाच्या सुट्टीत सगळे मक्याच्या पिठाची न्सिमा आणि उसिपा मासे घ्यायला रांगेत उभे राहिले. मी रांगेतून बाहेर पडलो आणि शिवणकामाच्या वर्गात गेलो. लुहांगा सरांनी तिथं कचेरी थाटली होती. ते एका शिलाई मशीनवर ताट ठेवून जेवत होते. मी दार लावलं आणि म्हणालो, “सर, पेपर मी काढला होता.”

त्यांनी माशाचा काटा तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवला. “माहीत आहे,” ते म्हणाले.

मी विचारलं, कधीपासून.

“सोमवारपासून. अरे, नऊ वर्षं तुझ्या वेळापत्रकांवर सह्या केल्यात मी. छापील अक्षरं काढलीस म्हणून तुझा नऊ बदलतो होय? शेपटी अशी मागं वळवणारा सगळ्या उत्तरेत तू एकटा.”

“मग भाग जातो हेही—”

“मंगळवारी बाई उठून गेल्यावर पाहिलं. या यंत्रावरच.” त्यांनी खिशावर थोपटलं. “म्हटलं, मुंथाली अकरा वर्षं थांबला या कामासाठी. आता चव्हाट्यावर नको यायला. आज येईल, उद्या येईल, आपण होऊन सांगेल, मग गुपचूप करू. तू येईनास. मग मी तरी काय करायचं? तुझ्यासाठी त्या बाईला कागद भरायला लावले मी. एकावर एक. या वयात.”

इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. ओरडावं तर कुणावर? माझी अब्रू वाचवायला हा भला माणूस चार दिवस एका खरं बोलणाऱ्या बाईला हेलपाटे मारायला लावत होता, आणि मी मात्र त्याच्या आडमुठेपणावर मनातल्या मनात चरफडत होतो. मी म्हटलं, सर, तुम्ही मला बोलावून नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, तू नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मग त्यांनी मला कागद दिला. मी उभ्या उभ्या संमती लिहिली, पूर्ण नावानं सही केली आणि खाली सुधारलेलं उत्तर लिहिलं. सरांनी तो वाचला, १७ × ५९ × ९९७ हे यंत्रावर गुणून पाहिलं आणि कागद पाकिटात घालून रेव्हरंडांकडे पाठवला.

“आता तू गप्प बसायचं,” ते म्हणाले. “कुणाला सांगणार नाही म्हणून सही केलीयस तू. नियम तुला एकट्याला लागू नाही, पुढच्या काढणाऱ्यांनाही आहे.”

दुपारी त्यांनी सभागृहात जाहीर केलं की नवव्या प्रश्नाचं उत्तर सुधारलं आहे. पूर्ण अवयवांना सहा गुण, कुठल्याही रीतीनं काढलेले असोत. १००३ वर थांबलेल्यांना पाच. दोन हजार तीनशे सोळा पेपर, सगळ्यांचा नववा प्रश्न पुन्हा, सगळ्या टेबलांनी मिळून. शनिवार पूर्ण; रविवारी काम करायचं नाही, म्हणून सोमवारही.

सभागृहातून एक लांब आवाज निघाला, दुखणाऱ्या दातातून निघतो तसा. आणि सगळे वळले ते न्याकायांगे बाईंकडे. पेपर काढणाऱ्याबद्दल कुणी ब्रही काढला नाही. तो कुठंतरी लांब, पाकिटात होता. समोर होत्या त्या बाई. शनिवारी लग्न असलेला मास्तर दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर त्या एकट्याच बसलेल्या मी पाहिल्या. त्यांच्या शेजारी जाऊन बसावं असं वाटलं. मी दोन बाक मागं बसलो.

सुधारलेल्या उत्तराप्रमाणे एकोणसाठ-साठ मुलांचे गुण वाढले, आणि कितीतरी शेकड्यांचा एकेक कमी झाला. त्यांनी १००३ ला मूळ मानलं, जसं मी मानलं होतं. त्यांचा तो एक गुण कापताना मला प्रत्येक वेळी आपलाच कान कुणी पिळतंय असं वाटत होतं. ०४१८ माझ्याच हाताखाली आला. मी सहा लिहिले आणि त्याभोवती गोल केला. चाळीस जणांची यादी लागली तेव्हा तीत नावं होती, क्रमांक नव्हते. ते पोर डोंगरावर पोचलं की नाही, मला आजही माहीत नाही.

सोमवारी दुपारी सगळे पांगले. न्याकायांगे बाई मिनीबसच्या थांब्यावर पिशवीवर बसल्या होत्या, थर्मास मांडीवर. कारोंगाची गाडी भरत आली होती. नियम नियमाच्या जागी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, तो पेपर मी काढला होता.”

त्यांनी चष्मा काढला, पदरासारख्या खांद्यावर टाकलेल्या कापडाला पुसला, पुन्हा लावला आणि मला नीट बघून घेतलं. इतके दिवस समोर बसून त्यांनी मला पाहिलंच नसावं, असं.

“तुम्हाला कधी कळलं?”

“मंगळवारी. तुम्ही सांगितलंत तेव्हाच. टेबलाखाली भागून पाहिलं.”

“किती वेळ लागला भागायला?”

“अर्धं मिनिट.”

मी माफी मागितली. वाक्य मी रात्री जुळवून ठेवलं होतं, ते पूर्ण म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की वर्गांच्या वजाबाकीची ती युक्ती मला कुठं मिळाली. मी म्हटलं, माझीच आहे, सुचली.

“चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच फसलात. चांगलं सुचलं की माणूस पुढचं बघत नाही. माझंही होतं तसं.” आणि पुढे म्हणाल्या, “पण मी सांगते लगेच, मुंथाली सर. दुसऱ्याला चार दिवस कागद भरायला नाही लावत.”

गाडीच्या पोऱ्यानं दारावर थापा मारायला सुरुवात केली. मी त्यांची पिशवी उचलायला गेलो. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, चढल्या आणि पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी बसल्या. गाडी निघाली तेव्हा त्यांनी हात केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही.

रुम्फीची गाडी पलीकडे उभी होती. रिकामी. भरल्याशिवाय सुटत नाही, आणि सोमवारी दुपारी रुम्फीला कोण जातंय. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. अडीच तास बसलो होतो.